सय्यदभाई: नावातला ‘भाई’

(सय्यदभाईंच्या स्मरणार्थ पुण्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नकोच म्हटलं. सय्यदभाईंबरोबर गावोगाव फिरलेली, एका ताटात जेवलेली माणसं इथे बसली आहेत. मी त्यांना दुरून ओळखणारी. सभागृहात मागच्या रांगेत बसून ऐकायचं आणि घाईघाईनं घरी परतायचं, एवढाच माझा परिचय. त्यामुळे त्यांच्या आठवणी मी सांगणार नाही, तो हक्क तुमचा. मी त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या दोन-तीन गोष्टी घेणार आहे आणि त्या माझ्या घरातल्या एका गोष्टीशेजारी ठेवून बघणार आहे.

आजच्या सभेत ‘दिलदार’ हा शब्द तीन वक्त्यांच्या तोंडून आला. आपल्याकडे दिलदार म्हणजे हॉटेलात चहाचे पैसे आधी काढणारा, पाहुण्याला जेवल्याशिवाय न सोडणारा माणूस. सय्यदभाई तसे असतीलही. पण त्यांची दिलदारी मला वेगळ्या ठिकाणी दिसते.

सय्यद मेहबूब शहा कादरी हे त्यांचं पूर्ण नाव. ते पदव्यांचे मानकरी नव्हते, पोटासाठी कारखान्यात राबलेला हा माणूस. त्यांच्या बहिणीला तोंडी तलाक मिळाला, ती माहेरी आली, आणि तिथून भाईंच्या डोक्यात प्रश्न सुरू झाले, हे आपण सगळे जाणतो. त्यांच्यावरच्या प्रत्येक लेखात ही घटना येते. लेख तिथून पुढे जातो, मंडळ, मोर्चा, पद्मश्री. मी मात्र दरवेळी त्या पहिल्या वाक्यावरच अडते, कारण माझ्या घरात अगदी हेच घडलं होतं.

१९७४ ची गोष्ट. मी आठ वर्षांची होते. भवानी पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. एके दिवशी माझी फुफी, अब्बांची धाकटी बहीण, एक ट्रंक आणि कडेवर मुलगा घेऊन आली. मागोमाग टपालानं कागद आला. त्यात तोच शब्द तीनदा होता. मेहर होता ५२५ रुपये. तोही नंतर कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही.

माझे अब्बा वाईट माणूस नव्हते, हे मला इथे मुद्दाम सांगायचं आहे. त्यांनी फुफीला एका शब्दानं दुखावलं नाही. आतली खोली तिला दिली, तिच्या मुलाला माझ्याबरोबर शाळेत घातलं, ईदला आमच्याइतकेच कपडे त्यालाही शिवले. पण वाड्यात कुणी विचारलं, की ते सांगायचे, “जावई सौदीला गेलेत, येतील.” हे त्यांनी अकरा वर्षं सांगितलं. फुफी साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायची. साडी घ्यायला येणाऱ्या बायकाही ‘सौदीहून काही पत्र?’ असं विचारायच्या, आणि ती मान हलवायची. घरातल्या बाईवर झालेला अन्याय आम्ही सगळ्यांनी मिळून तिचीच लाज करून टाकला होता.

बहिणीला आसरा देणारे भाऊ आपल्या समाजात पुष्कळ आहेत, आणि त्यांचं मोल मी कमी करत नाही. सय्यदभाईंनी आणखी एक पाऊल टाकलं. हे माझ्या बहिणीच्या नशिबात होतं, असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं नाही. तिचा गुन्हा काय, हा प्रश्न त्यांनी घराबाहेर नेला. मग तो दुसऱ्यांच्या बहिणींसाठी विचारला, ज्यांचा आणि त्यांचा कसलाही नातेसंबंध नव्हता अशांसाठी. स्वतःच्या घरचं दुःख इतरांच्या उपयोगाला देणं, याला मी दिलदारी म्हणते. चहा पाजणं त्या मानानं फार सोपं.

या प्रश्नाच्या वाटेवर त्यांना हमीद दलवाई भेटले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीदभाई म्हणजे कथाकार, पत्रकार, ‘इंधन’चे लेखक. १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेणारे. सात! आज आपण एखाद्या सभेला चाळीसच माणसं आली म्हणून हिरमुसतो. सात बायका बुरख्याची, बिरादरीची, घरच्यांची भीती ओलांडून तोंडी तलाकविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या, स्वतंत्र भारतात हे पहिल्यांदा घडत होतं.

२२ मार्च १९७० ला याच पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली याच शहरात सत्यशोधक समाज काढला होता, नाव तिथून घेतलं. संस्थापक सदस्यांत सय्यदभाई होते. एक नावाजलेला लेखक आणि एक कामगार यांची मैत्री जमली. पण आता तारखा बघा. मंडळ निघालं १९७० मध्ये. हमीदभाई मूत्रपिंडाच्या आजारानं गेले ३ मे १९७७ ला, वय अवघं ४४. म्हणजे मंडळाच्या कामात या मित्रांना एकमेकांची सोबत मिळाली ती जेमतेम सात वर्षं. सय्यदभाई गेले एप्रिल २०२२ मध्ये. सात वर्षं ज्याच्याबरोबर काम केलं, त्याचं काम त्याच्यामागे ४५ वर्षं चालवलं.

आपण मित्र गेल्यावर काय करतो? चाळीसावा करतो, वर्षश्राद्ध करतो, फोटोला हार घालतो. हमीदभाईंनी तर मित्रांसाठी तेवढीही सोय ठेवली नव्हती. आपल्यावर कोणतेही धार्मिक विधी करू नयेत, दहन करावं, अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. त्यामुळे फातेहा पढायला कबरसुद्धा नाही. अशा मित्राची आठवण ठेवायची तर त्याचं काम पुढे नेणं एवढीच जागा उरते. मेहरुन्निसाभाभींनी तेच केलं, सय्यदभाईंनी तेच केलं, मंडळातल्या अनेकांनी केलं. हमीदभाईंच्या मागे मालमत्ता नव्हती, मतपेढी नव्हती. होती ती फक्त शिव्यांची विरासत. ती वाटून घ्यायला कोण पुढे येतं?

आता पुन्हा माझ्या घरात येते.

२३ एप्रिल १९८५. सर्वोच्च न्यायालयाचा शाहबानोचा निकाल. इंदूरची म्हातारी बाई, ४३ वर्षांच्या संसारानंतर घराबाहेर काढलेली. खालच्या न्यायालयानं पोटगी दिली होती महिना २५ रुपये, उच्च न्यायालयानं ती केली १७९ रुपये २० पैसे, आणि सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. देशभर निषेधाचे मोर्चे निघाले. आमच्या मोहल्ल्यातही सभा झाली. अब्बा सभेला गेले. रात्री परतले, हातपाय धुऊन जेवायला बसले. फुफी मशीनवर होती. तिनं पायडल थांबवलं आणि मान वर न करता विचारलं, “भाईजान, १७९ रुपयांत महिन्याला किती दळण येतं?”

अब्बांनी उत्तर दिलं नाही. ताटावरून उठले. पण त्या दिवसानंतर ‘जावई सौदीला गेलेत’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. आमच्या घरातली सुधारणा ती एवढीच, एक खोटं बोलणं बंद झालं. पुढे फुफीनंच एका साडीवालीला शांतपणे सांगितलं, “सौदी नाही हो, तलाक.”

त्याच वर्षी, नोव्हेंबरात, कोल्हापूरहून नागपूरकडे तलाकमुक्ती मोर्चा निघाला होता. सय्यदभाई, मेहरुन्निसाभाभी, हुसेन जमादार आणि तलाक मिळालेल्या स्त्रिया. गावोगाव विरोध झाला. मला तेव्हा त्याचा पत्ताही नव्हता. पुढे वाचलं, तेव्हा वाटलं, माझ्या फुफीनं जे एका खोलीत विचारलं, तेच ही माणसं भर रस्त्यात विचारत होती. तिला ते कळलं असतं तर बरं झालं असतं. आपण एकटे नाही एवढं तरी समजलं असतं.

मोर्चानंतर काय झालं? १९८६ मध्ये संसदेनं कायदा करून शाहबानोच्या निकालाची धार बोथट केली. इतक्या मेहनतीनंतर पदरात हे पडलं. एखादा घरी बसला असता आणि त्याला कुणी दोष दिला नसता. सय्यदभाईंच्या पुस्तकाचं नाव ‘दगडावरची पेरणी’ आहे, ते उगाच नाही. मला त्या नावातला ‘दगड’ नंतर दिसतो, आधी दिसते ‘पेरणी’. दगड आहे हे माहीत असूनही बी घेऊन जायचंच, असं ठरवलेला माणूस.

२२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला, तीन विरुद्ध दोन अशा मतानं. सात बायकांच्या मोर्चाला तेव्हा ५१ वर्षं झाली होती. हमीदभाईंना हे बघायला मिळालं नाही. मेहरुन्निसाभाभी त्याच वर्षी जूनमध्ये, निकालाच्या अडीच महिने आधी गेल्या. सय्यदभाईंना बघायला मिळालं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आणि २०२२ मध्ये, रमजान सुरू होऊन थोडेच दिवस झाले असताना, ते गेले.

इथे भाषण संपवलं तर टाळ्या मिळतील. पण मला थोडं कडू बोलायचं आहे.

आज आपण तलाकवर बोललो की बाहेरचे काही लोक जोरात टाळ्या वाजवतात. तेच लोक, आपण पुण्यात मुसलमानाला भाड्यानं घर मिळत नाही असं म्हटलं की घड्याळ बघायला लागतात. त्यांना आपल्या बहिणींची कणव नाही, आपल्याला टोचायला काठी हवी आहे. आणि आपल्यातले काही म्हणतात, “दिवस वाईट आहेत, घरातलं घरात ठेवा, ही वेळ नाही.” मी दोघांनाही विचारते, वेळ कधी होती? १९६६ मध्ये होती? १९८५ मध्ये होती? माझ्या फुफीला कोणत्या साली सोय झाली असती?

सुधारणा मागणं म्हणजे आपल्या माणसांचा द्वेष करणं नव्हे. बकरी ईदला कुर्बानीच्या बरोबरीनं रक्तदानाचं आवाहन याच पुण्यात मंडळानं केलं. सण सोडा असं ते म्हणणं नाही, सणात आणखी कुणाला तरी सामावून घ्या असं आहे. ही आपुलकीची भाषा आहे. ती आपण विसरलो तर आपण नुसते टीकाकार उरू.

आणि कायदा झाला म्हणून काम संपलं, असंही नाही. आता बायका येतात त्या वेगळं सांगतात. नवरा तलाक देत नाही आणि नांदवतही नाही. ना इद्दत, ना मेहर, ना पोटगी, नुसतं लटकवून ठेवलेलं. या बाईच्या बाजूनं उभं राहायला मोर्चा लागत नाही, आधी भाऊ लागतो. तिच्याबरोबर कोर्टाच्या पायऱ्या चढणारा. “जावई सौदीला गेलेत” असं न म्हणणारा.

शेवटची गोष्ट, माझ्याच घरातली. अब्बा गेल्यावर माझ्या भावानं हक्कसोडपत्र आणलं. फुफीनं त्याच्या आधी, अब्बा असतानाच, असाच एक कागद सही करून दिला होता. ‘भावाचं घर तुटायला नको’ म्हणून. शरीयतनं मुलीला दिलेला वाटासुद्धा आपण असा प्रेमानं काढून घेतो. मी सही केली नाही. भाऊ दोन वर्षं बोलला नाही. मग एका ईदला तो स्वतःच शीरखुर्म्याचा डबा घेऊन आला आणि म्हणाला, “आपा, फुफीच्या मुलाचंही काहीतरी बघायला हवं.” आम्ही बघतो आहोत. अजून मिटलेलं नाही, वकिलाकडे खेपा चालू आहेत.

सय्यदभाईंना सगळे ‘भाई’ म्हणत. आपल्याकडे कुणालाही भाई म्हणतात, रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत. त्यांनी तो शब्द खरा केला, कारण आधी एका बहिणीचे भाऊ म्हणून ते उभे राहिले. इथे बसलेल्या माझ्या भावांनो, हार घालून झाला, आता घरी गेल्यावर बहिणीला फोन करा. तिची खुशाली विचारा, आणि तिच्या सहीचा एखादा कागद आपल्या कपाटात आहे का, तेही एकदा उघडून बघा.