भारताचे कुमार फुटबॉलपटू

एप्रिल १९७४ मध्ये बँकॉक येथे आशियाई युवक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. एका बाजूस इराणचा संघ होता. आदल्याच वर्षी तेहरान येथे हीच स्पर्धा जिंकलेला आणि विजयाची सवय अंगी मुरलेला. दुसऱ्या बाजूस हैदराबादच्या शब्बीर अलीच्या नेतृत्वाखाली उतरलेला भारताचा संघ होता. सामना दोन-दोन गोलांच्या बरोबरीत सुटला व दोन्ही देश संयुक्त विजेते म्हणून जाहीर झाले. भारताच्या कुमार मुलांच्या संघाने आशियाई अजिंक्यपदावर नाव कोरण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. परंतु २०२५ सालच्या अखेरीपर्यंत तसा दुसरा प्रसंग काही आला नाही.

असे का व्हावे, या प्रश्नाचा विचार केला म्हणजे कुमार संघाच्या इतिहासाचा बराचसा उलगडा होतो. प्रौढ संघाचा जयापजय त्या दिवसापुरता पूर्ण असतो. कुमार संघाचे तसे नाही. त्याचा विजय ही हुंडी असते. ती वटविण्याची व्यवस्था मागाहून करावी लागते. त्याचा पराजय हा पुष्कळदा पेरणीचा खर्च असतो. पीक हाती येण्यास काही वर्षे जावी लागतात. म्हणून अशा संघाची कामगिरी केवळ गोलांच्या बेरजेने मोजू लागले, तर हिशेब हटकून चुकतो.

१९७४ च्या त्या संघाचे प्रशिक्षक होते अरुण घोष. १९६२ साली जकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धेत दक्षिण कोरियास दोन विरुद्ध एक असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळविले, त्या संघाच्या बचावफळीत ते खेळले होते. म्हणजे जकार्ताच्या पिढीने जे कमावले, ते तिच्यातीलच एकाने पुढच्या पिढीच्या हाती दिले होते. परंपरा म्हणतात ती याहून वेगळी नसते. मात्र परंपरेला एका माणसाचा हात पुरत नाही. तिला संस्थेचे घर लागते, आणि ते घर त्या वेळी बांधलेले नव्हते. शाळांच्या मुलांसाठी १९६० पासून दिल्लीत सुब्रतो चषक स्पर्धा भरत होती. हवाई दलाचे प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने सुरू झालेल्या या स्पर्धेने गावोगावच्या मुलांना राजधानीचे मैदान दाखविले, हे तिचे मोठेच ऋण होय. परंतु स्पर्धा काही दिवसांत संपते व मुले आपापल्या गावी परततात. वर्षभर सराव, शिक्षण, सकस आहार आणि सामने एकत्र देणारी निवासी प्रबोधिनी म्हणून नावारूपास आलेली टाटा फुटबॉल अकादमी जमशेदपूर येथे स्थापन झाली ती १९८७ साली. बँकॉकच्या विजयानंतर तेरा वर्षांनी!

दुसरेही एक कारण होते. १९७४ साली कुमारांसाठी जागतिक स्पर्धाच अस्तित्वात नव्हती. वीस वर्षांखालील मुलांची पहिली जागतिक स्पर्धा १९७७ मध्ये ट्युनिशियात झाली आणि आशियाच्या वतीने तेथे इराण व इराक हे देश गेले. सोळा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा १९८५ मध्ये चीनमध्ये सुरू झाली; १९९१ पासून तिची वयोमर्यादा सतरा वर्षे करण्यात आली. भारत आशियाच्या शिखरावर उभा होता तेव्हा पुढे जाण्यास वाट नव्हती; वाट तयार झाली तेव्हा भारत शिखरावरून खाली उतरला होता. दैवाचा भाग त्यात थोडा असेल. पण दैवाला दोष देऊन मोकळे होता येत नाही. कारण इराणने त्याच काळात १९७३ पासून १९७६ पर्यंत सलग चार वर्षे हे अजिंक्यपद, कधी एकट्याने तर कधी वाटून घेऊन, आपल्याकडे राखले होते. एकदा जिंकणे आणि जिंकत राहणे यांत जे अंतर असते, ते व्यवस्थेचे अंतर होय.

पुढील कालखंडात भारताची कामगिरी चढउतारांची राहिली. २००२ साली सतरा वर्षांखालील संघाने आशियाई स्पर्धेत उपान्त्यपूर्व फेरी गाठली. २००६ साली युवक स्पर्धेचे यजमानपद भारताकडे आले. सामने कोलकाता व बंगळूर येथे झाले, पण यजमान संघ गटातून पुढे जाऊ शकला नाही. दक्षिण आशियात मात्र भारताचे वर्चस्व पुष्कळदा दिसून आले. २०१३ मध्ये काठमांडू येथे नेपाळला त्याच्याच मैदानावर नमवून सोळा वर्षांखालील संघ विजयी झाला. २०२२ मध्ये भुवनेश्वर येथे वीस वर्षांखालील संघाने बांगलादेशाचा जादा वेळेत पाच विरुद्ध दोन असा पराभव केला. शेजाऱ्यांत पहिला आणि खंडात मागे, अशी ही अवस्था. घरच्या परीक्षेत उत्तम गुण मिळविणाऱ्या पण बाहेरच्या परीक्षेत अडखळणाऱ्या विद्यार्थ्यासारखी.

या विषयात वयाचा प्रश्न टाळून चालणार नाही. कुमारांच्या खेळात दोन वर्षांचा फरक म्हणजे एक वीत उंचीचा आणि दुप्पट बळाचा फरक. वय चोरून खेळविलेला मुलगा आजचा सामना जिंकून देतो. पण खऱ्या वयाच्या एका मुलाची जागा त्याने घेतलेली असते, आणि स्वतः त्याची वाढ तर आधीच होऊन चुकलेली असते. हे दुखणे एका देशाचे नाही. म्हणून जागतिक संघटनेने २००९ पासून सतरा वर्षांखालील स्पर्धेत मनगटाच्या चुंबकीय तपासणीची रीत सुरू केली. मनगटाजवळच्या हाडाच्या टोकाशी वाढीचा कूर्चेचा थर असतो. वय वाढेल तसा तो हाडात मिसळून नाहीसा होतो, आणि सतरा वर्षांच्या आत तो पूर्णपणे मिसळणे विरळा. दाखल्यावरील शाई काहीही सांगो, हाड खोटे बोलत नाही. ही तपासणी आल्यापासून कुमार संघांच्या निकालांना खरा अर्थ आला असे म्हणावयास हरकत नाही.

मग उजाडले २०१७ साल. सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेचे यजमानपद भारतास मिळाले होते, आणि यजमान या नात्याने भारताचा फुटबॉल संघ कोणत्याही वयोगटाच्या जागतिक स्पर्धेत प्रथमच उतरणार होता. तयारीच्या काळात प्रशिक्षक बदलले. जर्मनीचे निकोलाय अ‍ॅडम गेले व पोर्तुगालचे लुईश नॉर्टन द मातोश आले. अखेर एकवीस मुले निवडली गेली. त्यांतील आठ एकट्या मणिपूरची होती. कर्णधार अमरजित सिंग कियाम आणि गोलरक्षक धीरज सिंग हे दोघेही तिकडचेच. सिक्कीमचा कोमल थटाल होता, मिझोरामचा लालेंगमाविया होता, केरळचा राहुल होता. कोल्हापूरचा अनिकेत जाधव आघाडीस खेळत होता. ज्या नगरीत तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उभे राहतात आणि पाटाकडील, खंडोबा व दिलबहार यांच्या सामन्यांवरून घराघरांत वाद रंगतात, तेथील मुलगा पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत घडून राष्ट्रीय संघात आला होता. अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे हाही त्याच संघात होता.

६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू मैदानावर पहिला सामना अमेरिकेशी झाला. धीरजने कितीतरी चेंडू अडविले, पण अमेरिका तीन गोलांनी जिंकली. त्यातही एक क्षण ध्यानात ठेवण्याजोगा. भारत दोन गोलांनी मागे असता अन्वर अलीचा जोरदार फटका आडव्या खांबावर आदळून परतला, आणि तोच चेंडू घेऊन अमेरिकेने दुसऱ्या टोकास तिसरा गोल केला. दोन-एक होण्याऐवजी तीन-शून्य! मोठ्या पातळीवरील खेळ किती वेगाने शिक्षा करतो, हे या मुलांना तेथे कळले.

९ ऑक्टोबरचा कोलंबियाविरुद्धचा सामना हा या साऱ्या कथेचा गाभा होय. पूर्वार्धाच्या अखेरीस राहुलचा फटका खांबाला लागला. उत्तरार्धात पेन्यालोसाने कोलंबियासाठी पहिला गोल केला. तरीही भारताची मुले खचली नाहीत. ८२ व्या मिनिटास संजीव स्टालिनने कॉर्नरवरून चेंडू आत टाकला. मणिपूरचा उंच जॅक्सन सिंग सर्वांच्या वर उसळला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. जागतिक स्पर्धेतील भारताचा तो पहिला गोल. सारे मैदान उभे राहिले. परंतु तो जल्लोष विरण्यापूर्वीच, पुढच्याच मिनिटास, पेन्यालोसाने पुन्हा गोल केला आणि भारत एक विरुद्ध दोन असा हरला. गोल केल्यानंतरचे मिनिट हे बचावाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असते, असे जाणकार सांगत आले आहेत. पण हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. आठवड्यामागून आठवडे अटीतटीचे सामने खेळूनच ते अंगवळणी पडते. कोलंबियाच्या मुलांपाशी ते होते. भारताची मुले धैर्यात कमी नव्हती, कौशल्यातही फार मागे नव्हती. त्यांना कमी पडले ते खेळलेल्या सामन्यांचे गाठोडे.

१२ ऑक्टोबरला घानाने चार गोलांनी हरविले. तीन सामने, तीन पराभव, एक गोल केलेला आणि नऊ गोल खाल्लेले, असा ताळेबंद झाला. इकडे स्पर्धा मात्र दिमाखात पार पडली. दिल्ली, नवी मुंबई, मडगाव, कोची, कोलकाता व गुवाहाटी या सहा ठिकाणच्या सामन्यांना मिळून १३ लाख ४७ हजारांहून अधिक प्रेक्षक लोटले आणि १९८५ चा चीनचा उच्चांक मागे पडला. २८ ऑक्टोबरला कोलकात्यात इंग्लंडने दोन गोलांची पिछाडी भरून काढून स्पेनला पाच विरुद्ध दोन असे हरविले. प्रेक्षक जगात पहिले, संघ गटात शेवटचा. हा विरोध बोचणारा होता. परंतु खेळाची ओढ या देशात आहे आणि उणीव आहे ती घडणीची, हेही त्यातूनच स्पष्ट झाले.

त्या मुलांना घरोघरी पाठवून देण्यात आले असते, तर १९७४ ची पुनरावृत्ती झाली असती. तसे झाले नाही. त्यांतील बहुतेकांचा ‘इंडियन अ‍ॅरोज’ हा संघ करून त्यास त्याच हंगामात मोठ्या माणसांच्या आय-लीगमध्ये उतरविण्यात आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्यात चेन्नई सिटीविरुद्ध पहिलाच सामना या पोरांनी तीन-शून्य असा जिंकला. त्यांतील दोन गोल अनिकेत जाधवचे होते. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधील एका स्पर्धेत वीस वर्षांखालील भारतीय संघाची गाठ अर्जेंटिनाशी पडली. या वयोगटाची जागतिक स्पर्धा सहा वेळा जिंकलेला हा देश. आणि त्याच्या संघाचे प्रशिक्षक होते पुढे २०२२ साली विश्वचषक जिंकून देणारे लिओनेल स्कालोनी. दीपक टांग्रीने आरंभीच गोल केला. उत्तरार्धात अनिकेत जाधवला लाल कार्ड मिळून भारताचे दहाच खेळाडू उरले. अशा स्थितीत अन्वर अलीने फ्री किकवर दुसरा गोल केला आणि भारत दोन विरुद्ध एक असा जिंकला. ती स्पर्धा अखेर अर्जेंटिनानेच जिंकली, यावरून या विजयाचे मोल कळून येईल. दिल्लीत ज्याचा फटका खांबावर आदळला होता, त्याचाच फटका दहा महिन्यांनी जाळ्यात गेला होता.

या अन्वर अलीची पुढील वाट सोपी नव्हती. २०१९ मध्ये त्याच्या हृदयात दोष आढळला व त्यास खेळण्यास मनाई झाली. त्याने न्यायालयात दाद मागितली, पुढे तो मैदानावर परतला, आणि २०२२ मध्ये प्रौढ राष्ट्रीय संघासाठी हाँगकाँगविरुद्ध त्याने गोलही केला. जॅक्सन, अमरजित, सुरेश, राहुल, रहीम अली, लालेंगमाविया हेही यथाकाल प्रौढ संघाकडून खेळले. तीनही सामने हरलेल्या त्या एकविसांनी देशाला जे दिले, ते गुणतक्त्यावर कोठेच दिसत नाही.

त्यांच्या पाठोपाठ आलेल्या मुलांनीही हा धागा सुटू दिला नाही. २०१८ मध्ये मलेशियात झालेल्या सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धेत गोव्याचे बिबियानो फर्नांडिस यांच्या संघाने व्हिएतनामला हरविले, इराण व इंडोनेशिया यांच्याशी बरोबरी साधली आणि सोळा वर्षांनी पुन्हा उपान्त्यपूर्व फेरी गाठली. तेथे दक्षिण कोरियाने एका गोलाने मात केली. तो एक सामना जिंकता, तर यजमानपदाच्या आधाराविना जागतिक स्पर्धेचे दार उघडले असते. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबाद येथे, जिंकल्यावाचून गत्यंतर नसताना, सतरा वर्षांखालील मुलांनी इराणला दोन विरुद्ध एक असे हरवून आशियाई स्पर्धेची पात्रता मिळविली. बँकॉकमध्ये ज्या देशाशी बरोबरी झाली होती, तोच हा देश.

या इतिहासातून एक गोष्ट निःसंशय निष्पन्न होते. कुमार संघाचा कस तो किती सामने जिंकतो यावर लागतो, त्याहूनही अधिक, सामना संपल्यावर त्या मुलांचे काय होते यावर लागतो. बँकॉकच्या विजेत्यांना देशाने टाळ्या दिल्या. दिल्लीच्या पराजितांना पुढचा सामना दिला. सतरा वर्षांच्या मुलास टाळ्यांपेक्षा पुढच्या सामन्याची गरज अधिक असते. मग तो मणिपूरच्या खेड्यातील असो, नाही तर कोल्हापूरच्या पेठेतील. तो सामना त्याला नेमाने, त्याच्या खऱ्या वयाच्या बरोबरीच्या मुलांशी, दर आठवड्यास मिळू लागला, तर गोल केल्यानंतरचे ते एक मिनिट सांभाळण्यास तो आपोआप शिकेल.