आरोग्याचा ताळेबंद : बैठक आणि हालचाल

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चांदूर बाजार येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेताना वास्तू, देणग्या आणि सेवाकार्ये यांचा गौरव होणे स्वाभाविक आहे. मात्र या काळातील एक बदल कोणत्याही वार्षिक अहवालात नोंदला गेलेला नाही. पूर्वी धर्मसभेत सतरंजीवर सर्वजण मांडी घालून बसत. भिंतीलगत दोन-चार खुर्च्या असत, त्या अतिवृद्धांसाठी. आज खुर्च्यांच्या रांगा वाढत चालल्या आहेत आणि त्यांवर पन्नाशीतील बंधू-भगिनीही दिसतात. सामायिकासाठी ४८ मिनिटे खाली बसवत नाही आणि बसल्यावर आधाराशिवाय उठवत नाही. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : "गुडघे झिजले."

या 'झिजले' शब्दाचाच प्रथम विचार झाला पाहिजे. कापड वापरले की विरते आणि घडी घालून कपाटात ठेवले की टिकते. शरीरालाही हाच नियम लागू आहे असे समजून पुष्कळजण दुखऱ्या गुडघ्याला विश्रांती देत राहतात. जिना टाळतात, चालणे सोडतात, भाजी आणायलाही स्कूटर काढतात. परंतु शरीराचा व्यवहार कापडाच्या नेमका उलट आहे. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते. पाऊल टाकताना ती दाबली जाते, उचलताना मोकळी होते आणि त्या दाबण्या-सुटण्यातून द्रव आत-बाहेर होतो. हालचाल थांबली की हे पोषण मंदावते. त्याच वेळी मांडीचे स्नायू दुर्बल होतात आणि सर्व भार सांध्यावर पडतो. मग दुखणे वाढते, म्हणून हालचाल आणखी कमी होते. हे चक्रवाढ व्याजाचे कर्ज आहे.

अमेरिकेत लष्करी रुग्णालयांतील १५६ गुडघेदुखीच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेले, तर निम्म्यांना फिजिओथेरपी म्हणजे हाताने केलेले उपचार आणि व्यायाम. एका वर्षानंतर व्यायामाच्या गटातील रुग्णांचे दुखणे आणि अडचण अधिक कमी झालेली आढळली. कंबरदुखीविषयीही असेच म्हणता येते. ऑस्ट्रेलियातील ७०१ व्यक्तींवरील अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या या लोकांपैकी एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणे वाढविण्यास शिकविले गेले. त्या गटात दुखणे पुन्हा उद्भवण्यास साधारणतः २०८ दिवस लागले. ज्यांना असे मार्गदर्शन नव्हते, त्यांच्यात ११२ दिवस. औषध कोणते, तर चालणे.

आता या गावाच्या व्यवसायाकडे वळू या. चांदूर बाजार हे नावातच बाजार असलेले गाव. मागील पिढीतील व्यापारी गाठोडी उचलून, पायी, सायकलने किंवा बैलगाडीने आसपासचे आठवडी बाजार करीत असत. आजचा व्यापारी सकाळी दुकानात बसतो तो रात्रीच उठतो. माल वाहनाने दारात येतो आणि ताके नोकर काढतो. गल्ला सांभाळणाऱ्याची फक्त बोटे चालतात. दुकानदाराच्या या बैठकीची नोंद शास्त्रज्ञांनी फार पूर्वीच घेतली आहे. बंगालमधील एका ताग गिरणीत काम करणाऱ्या लोकांच्या आहाराचा आणि श्रमाचा अभ्यास डॉ. जीन मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केला. त्यात ओझी वाहणारे मजूर होते, कारकून होते आणि बाजारातील दुकानदारही होते. कष्ट करणाऱ्यांचा आहार त्यांच्या श्रमानुसार वाढत होता आणि वजन आटोक्यात होते. बैठे काम करणाऱ्यांचा आहार मात्र श्रम कमी म्हणून कमी झालेला नव्हता, आणि त्यांची वजने सर्वाधिक होती. म्हणजे बैठ्या शरीराला भुकेचा हिशेबसुद्धा नीट ठेवता येत नाही.

त्याच सुमारास, १९५३ साली, लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या चालकांची व वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून असे, वाहक तिकिटे देण्यासाठी जिना चढत-उतरत असे. दोघे एकाच बसमध्ये, एकाच शहरात काम करीत. तरीही हृदयविकार चालकांमध्ये अधिक आढळला.

"पण वजन तर वाढलेले नाही," असे समाधान काहीजण मानतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ते समाधान हिरावून घेतले आहे. २००४ साली त्यांनी आपले ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्याशी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे होते. बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. भारतीय माणूस बारीक दिसत असूनही आतून चरबीयुक्त असू शकतो, आणि स्नायू मात्र कमी असू शकतात. म्हणून केवळ वजनकाट्याच्या भरवशावर राहू नये.

या देहयष्टीला मधुमेह लवकर गाठतो. त्यावरचा दिलासाही भारतातूनच मिळाला आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटात सुमारे तीन वर्षांत शंभरातील ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना आहारात बदल आणि रोज किमान अर्धा तास चालणे असा नियम घालून दिला होता, त्यांच्यात हे प्रमाण ३९ होते. मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांतही जवळपास तेवढाच लाभ दिसला. म्हणजे पायांनी गोळीची बरोबरी केली.

दुकान सोडून फिरायला वेळ कोठून आणावा, हा प्रश्न रास्त आहे. मेलबर्न येथील, २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग त्याचे उत्तर देतो. केवळ १९ जणांवरील हा प्रयोग असला तरी व्यापाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा. खाण्यानंतर सलग पाच तास बसणाऱ्यांच्या तुलनेत, दर वीस मिनिटांनी उठून दोन मिनिटे सावकाश चालणाऱ्यांच्या रक्तातील साखरेची वाढ सुमारे एक-चतुर्थांशाने कमी झाली. दोन ग्राहकांच्या मधल्या वेळेत ताका स्वतः उठून काढणे आणि दुकानाच्या ओट्यापर्यंत जाऊन येणे एवढे तर गल्ल्यावर बसणाऱ्यालाही जमण्यासारखे आहे.

भगिनींचा विचार येथे स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे ४२ टक्के पुरुषांची, तर ५७ टक्के स्त्रियांची हालचाल आवश्यकतेपेक्षा कमी होती. घरातील काम दिवसभर पुरते, थकवा येतो. पण जोमाने चालणे आणि स्नायूंना पुरेसा भार मिळणे त्यातून क्वचितच घडते. शिवाय "एकटी फिरायला कशी जाऊ?" हा संकोच असतोच. तो दूर करणे हे कुटुंबातील पुरुषांचेही कर्तव्य आहे.

व्यायामोपचार ही कल्पना या जिल्ह्याला परकी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केले. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे आणि १९४९ साली स्वीडनमधील लिंगियाड महोत्सवात भारतीय व्यायामप्रकार सादर केले. हा महोत्सव ज्यांच्या नावाने भरत असे, त्या पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोममध्ये व्यायामशिक्षणाची संस्था काढली होती. आजच्या फिजिओथेरपीचा एक उगम तेथेच मानला जातो. भारतात या शास्त्राचे पद्धतशीर शिक्षण १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले. फिजिओथेरपी म्हणजे यंत्राचा शेक घेऊन घरी येणे, असा समज अजूनही आहे. खरे पाहता शेक हा प्रारंभ आहे. घरी नियमाने केलेला व्यायाम हाच उपचार होय.

हृदयविकार झालेल्यांनी अंथरूण धरून राहावे, हा विचारही मागे पडला आहे. गडचिरोलीत कार्य करणारे डॉ. अभय बंग यांनी स्वतःच्या हृदयविकारानंतर चालणे, योग आणि आहार यांचा स्वीकार कसा केला, हे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या २००० साली प्रकाशित झालेल्या पुस्तकात सांगितले आहे. भारतातील २४ रुग्णालयांत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाचा अभ्यास झाला आणि तो २०२० साली प्रसिद्ध झाला. मृत्यू किंवा पुन्हा झटका येणे योगामुळे टळते, असे त्यातून निश्चितपणे सिद्ध झाले नाही. मात्र योग करणारे रुग्ण आपल्या नित्याच्या कामांकडे अधिक चांगल्या प्रकारे परतले. म्हणून योग किंवा चालणे सुरू केले की औषध सोडावे, असा अर्थ कोणीही काढू नये.

वार्धक्यात सर्वांत मोठे भय पडण्याचे असते. खुब्याचे हाड मोडले की चालता-फिरता माणूस परावलंबी होतो. १०८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार व्यायामामुळे वृद्धांचे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटले. तोल सांभाळण्याचे व्यायाम यात विशेष उपयोगी ठरले. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वर्षांच्या २,००२ व्यक्तींना जमिनीवर बसून, शक्यतो आधार न घेता उठण्यास सांगितले गेले. ज्यांना अधिक आधार लागला, त्यांच्यात पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. उठता न येणे हे मृत्यूचे कारण नव्हे. परंतु बळ, तोल आणि लवचिकता यांचा तो ताळेबंद आहे. पूर्वजांच्या नित्य वंदनेत ही परीक्षा दररोज होत असे.

तेव्हा करावे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीने चालण्यासारखा व्यायाम, दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम आणि ६५ वर्षांनंतर तीन दिवस तोलाचे व्यायाम करावेत. ज्यांचे चालणे सुटले आहे त्यांनी पाच मिनिटांपासून आरंभ करावा. भक्कम खुर्चीवरून, शक्य तितके हात न टेकता, सावकाश उठणे-बसणे हा गुडघ्यांसाठी उत्तम व्यायाम आहे. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच राहिले तर प्रमाण कमी करावे. छातीत दुखणे, दम लागणे, सांधा लाल होऊन सुजणे, पायात बधिरता येणे ही लक्षणे असल्यास प्रथम डॉक्टरांकडे जावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपवासाच्या काळात व्यायाम आणि औषध या दोन्हींविषयी डॉक्टरांना आधी विचारावे.

सुवर्णमहोत्सवाच्या संकल्पांत तीन साध्या गोष्टींची भर पडावी, अशी विनंती आहे. सभागृहाच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा असावा. महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्टचे मार्गदर्शन येथे मिळावे. आणि भगिनींचा पहाटे एकत्र चालण्याचा गट असावा. या गोष्टींना मोठी देणगी लागत नाही, सातत्य लागते.

ज्यांना खुर्चीची खरोखर गरज आहे, त्यांना ती सन्मानाने मिळालीच पाहिजे. परंतु ज्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत, त्यांनी ते जपण्यासाठी बसवून ठेवू नयेत, चालते ठेवावेत. मुक्तागिरीच्या पायऱ्या सत्तरीतही स्वतःच्या पायांनी चढता याव्यात आणि सामायिक आटोपल्यावर कोणाचा हात न शोधता उठता यावे, हीच सर्वांप्रती मंगल भावना.

जय जिनेंद्र!