टिपकागदावरील धातुपरीक्षा



किल्लारीच्या विहिरीचे पाणी निवळ दिसले, तरी त्यात विरघळलेले धातू डोळ्यांस दिसत नाहीत. कागदावर पदार्थ वेगळे करण्याची रीत 1944 साली मार्टिन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. गाळणकागदावर द्रावणाचा थेंब वाळवून, डाग वर ठेवून, कागदाचे टोक अ‍ॅसिटोन व हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात बुडवितात. लोह सर्वांत वर चढते, तांबे मागे राहते, निकेल जवळजवळ जागीच थांबते. द्रव 8 व डाग 6 सेंटिमीटर चढल्यास गुणोत्तर 0.75, त्यावरून धातू ओळखावा. प्रमाण मात्र ज्ञात द्रावणांच्या डागांशी ताडून ठरते.

हे आम्ल मुलांच्या हाती देऊ नये. काळ्या स्केचपेनची शाई, टिपकागद व पाणी पुरे. पट्टीने स्वतः मापलेले गुणोत्तर मूल विसरत नाही.