नामदेव : नाव आणि नाम



शंभर वर्षं पुरी झाली, चार शब्द बोला, असा चालकांनी हुकूम केला. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. कीर्तनाला उभे राहतो ते तुमच्या आधारानं. म्हणून मोठा विषय घेत नाही. एका नावाचा घेतो. नामदेव.

आम्ही शाळेत होतो तेव्हा वर्गात तीन नामदेव होते. गुरुजी त्यांना थोरला, मधला, बारका अशी हाक मारीत. आमच्या वडिलांचं नावही नामदेवच. आज गावच्या अंगणवाडीत एकही नामदेव नाही.

नाव दोन शब्दांचं. नाम आणि देव. नाम तोच देव, असा अर्थ आम्ही वारकरी लावतो. देवाधर्माचं नाव पोराला का ठेवायचं? भागवतात अजामिळाची कथा आहे. मरतेवेळी त्यानं धाकट्या पोराला, नारायणाला हाक मारली आणि यमदूत हात हलवत माघारी गेले. आपल्या आज्या-पणज्यांनी हेच धरलं. पोराला दिवसातून वीस वेळा हाक मारायचीच, तर त्यात देव येऊ द्या. औत धरता धरता, गुरं वळता वळता नाम घडतं.

आता मूळ नामदेवराय बघा. शके ११९२, म्हणजे सन १२७०, कार्तिक शुद्ध एकादशीचा जन्म. वडील दामाशेटी, आई गोणाई, घरचा धंदा शिंप्याचा. नाव लहानपणापासून नामदेव, देव हातानं जेवलेला, तरी गोरोबाकाकांनी डोक्यावर थापटणं मारलं तेव्हा मडकं कच्चं निघालं! मग विसोबा खेचरांना गुरू केलं, तेव्हा पक्कं झालं. ध्यानात घ्या, नुसत्या नावानं कुणी भाजून निघत नाही.

पुढं महाराज पार पंजाबात गेले. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. घुमान गावात त्यांचं स्थान आहे, २०१५ साली मराठी साहित्य संमेलन तिथंच भरलं. आणि चोखोबांची गोष्ट तर तुम्हाला ठाऊक आहे. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळली, चोखोबा खाली गेले. हाडांच्या ढिगात चोखोबांची हाडं कोणती, हे नामदेवरायांनी कसं ओळखलं? कान लावला. ज्या हाडांतून विठ्ठलनाम आलं ती उचलली. नाम कुठवर मुरावं, तर हाडापर्यंत.

असं हे नाव महाराष्ट्रात घरोघर गेलं. शिंपी बांधव तर आपल्या समाजाला नामदेव शिंपीच म्हणतात. ‘रानातल्या कविता’ लिहिणारे आपले शेतकरी कवी ना. धों. महानोर, त्यातला ‘ना’ म्हणजे नामदेव. ‘गोलपिठा’ लिहिणारे ढसाळ, तेही नामदेवच. रानात नामदेव, मुंबईत नामदेव.

आता आमची चूक सांगतो. दिंडीसमोर लपवायचं काय?

चार वर्षांमागं आम्हाला नातू झाला. आमच्या मनात वडिलांचं नाव ठेवायचं होतं. लेक-सुनेनं दुसरंच ठरवलं, दोन अक्षरी, नव्या पद्धतीचं. सून म्हणाली, “मामा, नामदेव नाव चांगलंच आहे, पण शाळेत पोरं त्याला नाम्या म्हणून चिडवतील.” आम्हाला राग आला. बारसं तिच्या माहेरी होतं. आम्ही गेलो नाही. घरची मंडळी गेली, आम्ही मळ्यात पाणी धरत बसलो. तीन महिने नातवाचं तोंड बघितलं नाही.

त्या वर्षी आषाढीला महाद्वारात पायरीपाशी डोकं टेकलं. ही पायरी कुणाची? शके १२७२ ला, आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवरायांनी तिथंच देह ठेवला. का? तर संतांच्या पायाची धूळ माथ्यावर पडावी म्हणून. आमच्या पोटात कालवलं. ज्यांचं नाव आम्ही मागत होतो ते उंबऱ्याखालची पायरी झाले, आणि त्यांच्याच नावासाठी आम्ही व्याह्यांचा उंबरा चढलो नव्हतो. मडकं आमचंच कच्चं होतं.

माघारी येताना घरी न जाता तसेच व्याह्यांकडं गेलो. बुक्का आणि चुरमुऱ्याचा प्रसाद सुनेच्या हातावर ठेवला. म्हणालो, “सूनबाई, चुकलं आमचं.” ती काही बोलली नाही. पोर आणून मांडीवर ठेवलं. तिनं ठेवलेल्या नावानंच आम्ही त्याला पहिली हाक मारली. पोर हसलं.

आता संध्याकाळी हरिपाठाला तो शेजारी बसतो, टाळ उलटा धरतो. शाळेच्या दाखल्यावर त्याचं नाव नामदेव नाही. पण विठ्ठल विठ्ठल म्हणतो.

तर मंडळी, घरात पाळणा हलणार असेल तर नामदेव हे नाव मनात आणा, एवढी हात जोडून विनंती. दुसरं ठेवलं तरी रुसू नका. बारशाला जा, घुगऱ्या खा, आणि पोराच्या कानात नाम सांगा.

राम कृष्ण हरी.