राखीव रानातला मुक्काम

जंगलात मनाला येईल तिथे तंबू ठोकून राहण्याचा हक्क भारतातल्या कोणत्याही कायद्याने सर्वसामान्य नागरिकाला दिलेला नाही. नॉर्वेत तो आहे. तिथल्या १९५७च्या कायद्यानुसार वस्तीपासून दीडशे मीटर दूर, मोकळ्या रानात, जमीनमालकाला न विचारता दोन रात्री राहता येते. सुरी, दोर आणि विस्तव एवढ्यावर रानात निभावून नेण्याच्या कसबाला आता ‘बुशक्राफ्ट’ म्हणतात. त्याचे धडे देणाऱ्या अनेक चित्रफिती अशाच थंड, मोकळ्या मुलखांतून येतात. तेच धडे सह्याद्रीच्या राखीव वनात गिरवणारा माणूस पहिल्या तासाभरातच तीन-चार गुन्हे करून बसतो.

१९२७च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम २६ पाहावे. राखीव वनात परवानगीवाचून शिरणे, झाड तोडणे किंवा त्याच्या फांद्या छाटणे, फासे लावणे, मासे मारणे, वनाधिकाऱ्याने ठरवून दिलेल्या हंगामाबाहेर विस्तव पेटवणे किंवा नुसता बाळगणेही त्यात मना आहे. ‘वनोपज’ या संज्ञेत वनातले लाकूड तर येतेच, पण गवत, वेली, शेवाळ आणि दगडमातीही येते. वाळक्या काटक्यांची मोळी त्यातून सुटत नाही.

अभयारण्यात बंधन आणखी कडक होते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदूक, धनुष्यबाण, जाळी, सापळे यांच्या रांगेत सुरीही बसवलेली आहे, आणि असे शस्त्र परवानगीवाचून आत नेता येत नाही. म्हणजे बुशक्राफ्टचे पहिले हत्यार फाटकावरच अडते. उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे सगळे जाचक वाटते खरे. १९२७चा कायदा ब्रिटिश सरकारने प्रामुख्याने लाकूड आणि महसूल राखण्यासाठी केला, हेही खरे. विस्तवाच्या बाबतीत मात्र कायद्याची बाजू भक्कम आहे.

पाऊस सरला की सह्याद्रीच्या उतारांवर गवत वाळू लागते आणि फेब्रुवारीपासून वणव्यांचे दिवस सुरू होतात. पश्चिम घाटाच्याच दक्षिण भागात, तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात, ११ मार्च २०१८ रोजी पदभ्रमणाला गेलेल्यांचे गट वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. उतारावर आग वर चढते तेव्हा ती माणसाच्या पावलांपेक्षा वेगाने चढते, आणि वाळक्या गवतात आडोसा नसतो. नॉर्वेसारख्या मोकळीक देणाऱ्या देशातही १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात जंगलात किंवा जंगलालगत विनापरवाना विस्तव पेटवता येत नाही. चित्रफितीत हे क्वचितच सांगितले जाते.

मग मुक्काम कुठे करावा? वन्यजीव अधिनियमाच्या कलम २८मध्ये अभयारण्यात प्रवेशाचा परवाना ज्या कारणांसाठी मिळू शकतो त्यांत अभ्यास, छायाचित्रण आणि पर्यटन आहे. शिवाय आत राहणाऱ्या माणसाशी रीतसर व्यवहार हेही एक कारण आहे. हे शेवटचे कलमाच्या कोपऱ्यात पडलेले असले तरी मोलाचे आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले, पण त्याच्या कुशीतली पाचनईसारखी गावे जागच्या जागी राहिली. गावातल्या घराच्या अंगणात, मालकीच्या खाचरात किंवा पडवीत राहणे आणि घरच्या चुलीवरचे जेवणे हाच तिथला सरळ मार्ग. कोयनेच्या रानातल्या वासोट्याला तेवढीही सोय नाही. बामणोलीहून लाँचने जायचे आणि दिवस मावळायच्या आत परतायचे.

कसबाचा सराव राखीव हद्दीबाहेर, मालकीच्या रानात, मालकाला विचारून करावा. दोर वळायला बांधावरचे घायपात उत्तम. त्याची पाने कुजवून धुतली की पांढरा चिवट वाख निघतो. भिंतीसाठी कारवीचे कूड कसे विणतात आणि शेणमातीने कसे लिंपतात, हे महादेव कोळी किंवा ठाकर वस्तीत पाहायला मिळते. ज्यांना हे शहरी छंदाचे नवे नाव माहीतही नाही, त्यांच्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्कही त्यांनाच दिला आहे, पाहुण्याला नव्हे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला तो याच कायद्याखाली. म्हणून गावकऱ्याने बांबू तोडला तर तो हक्क आणि पाहुण्याने तोडला तर गुन्हा. यात अन्याय नाही.

परवाना वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयातून लेखी घ्यावा. वनरक्षकाचा तोंडी होकार पुढच्या नाक्यावर चालत नाही. रानात कुठे धूर दिसला तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.