परमुलखांत जामीन कोण राहणार?

(डिंभे येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



येथल्या धरणाच्या पाण्यास हुतात्मा बाबू गेनूंचें नांव आहे. महाळुंगे पडवळचा हा गडी पोटासाठींच मुंबईस गेला होता. आजही आमचे आदिवासी बांधव भातकाढणी उरकली कीं नारायणगांवाकडे मजुरीस उतरतात. तेव्हां परमुलखीं पोट भरणें म्हणजे काय, हें या खोऱ्यास शिकवावें लागत नाहीं. तरी आपल्या बांधावर किंवा वीटभट्टीवर दूरचा मजूर आला आणि गांवांत चोरी झाली, कीं पहिला संशय त्याच्यावर! कां? तर तो बाहेरचा. आपला पोर परराज्यांत गेल्यावर तेथल्या लोकांनीं हेंच शहाणपण केलें तर?

मोतीराम नांवाच्या गवंड्याची हकीकत ऐका. हा मध्य प्रदेशांतला गरीब माणूस. सुप्रीम कोर्टानें त्यास जामिनावर सोडण्याचा हुकूम दिला. खालच्या मॅजिस्ट्रेटनें दहा हजारांचा जामीन मागितला. भाऊ जामीन राहण्यास आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांत म्हणून तो नाकारला! भाऊ खरा, मालमत्ता खरी, पण जिल्ह्याची शीव आडवी आली. १९७८ सालीं न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं हें चुकीचें ठरवून मोतीरामास हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडविलें.

दुसरा गवंडी याहून दुर्दैवी. २०२५ च्या जूनमध्यें मुंबईजवळ पकडलेल्या पश्चिम बंगालच्या एका गवंड्यास बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकललें. तो भारतीयच, असें कळल्यावर परत आणावें लागलें. मोतीरामास निदान कोर्ट तरी दिसलें! परकी असल्याचा आरोप आला कीं आपण परकी नाहीं हें ज्याचें त्यानेंच सिद्ध करावें, असा कायदा आहे. परंतु सरकारच्या हातीं आधीं कांहीं आधार हवा, नुसता संशय पुरत नाहीं, असें सुप्रीम कोर्टानें २०२४ सालीं आसामच्या एका प्रकरणांत बजावलें. आणि समजा तो खरोखरच परदेशी निघाला, तरी वकिलाचा हक्क बुडत नाहीं. घटनेचें २२ वें कलम नागरिकापुरतें नाहीं, व्यक्तीसाठीं आहे.

कोणी पकडला गेला तर सोबत्यांनीं पळूं नये, आणि दलालाच्या हातीं पैसाही देऊं नये. अटकेचीं कारणें लेखी व त्यास कळणाऱ्या भाषेंत मिळालीं पाहिजेत, तीं मागावीं. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढें नेलेंच पाहिजे. कोठडींतल्या माणसास, तसेंच आदिवासी, दलित व स्त्रियांस, सरकारी खर्चानें वकील मिळतो. घोडेगांवच्या कोर्टांत विधि सेवा समितीची चौकशी करावी, किंवा १५१०० या नंबरावर फोन करावा.

आतां आपलें काय? जामीन राहा म्हटलें कीं आपण सातबारा पेटींत दडवितों. ही भीति अगदींच खोटी नाहीं; माणूस तारखेस आला नाहीं तर रक्कम आपल्या गळ्यांत येते. म्हणून अनोळख्यास जामीन राहा, असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्यानें तीन हंगाम आपली काढणी केली, त्याच्यासाठीं "त्या दिवशीं हा माझ्या रानांत होता" एवढें खरें सांगण्यास आपलें काय जातें? त्यासाठीं मजुरीची वही हवी: तारीख, नांव, गांव, दिलेले पैसे. ज्यांच्या घरीं ती नसेल त्यांनीं शाळेंतल्या पोरीकडून आज रात्रींच आंखून घ्यावी.