दारची जास्वंद

कसाऱ्याचा घाट लागण्यापूर्वीं लोहमार्गावर जीं लहान स्टेशनें येतात, त्यांपैकीं खर्डी हें एक. शहापूर तालुक्याच्या ह्या डोंगराळ मुलखांत पावसाळ्यांत पाण्याचा कहर असतो, आणि चैत्र-वैशाख आला कीं कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईची तहान भागविणारा तानसा तलाव १८९२ सालीं ह्याच तालुक्यांत पुरा झाला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही टंचाई अधिकच टोंचते. अशा ठिकाणीं दारीं जास्वंद राखावयाची म्हणजे तिला बुडण्यापासून आणि वाळण्यापासून, दोहोंपासून वांचवावें लागतें.

जास्वंद बियांपासून क्वचितच करतात. आपल्याकडे ती बहुधा बी धरीतच नाहीं. दुहेरी फुलाच्या जातींत तर पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. लिनियसनें १७५३ सालीं तिला चीनचा गुलाब अशा अर्थाचें नांव दिलें. पण तेथेंही ती खात्रीनें रानटी अशी आढळलेली नाहीं. फांदीपासून फांदी, अंगणांतून अंगणांत, अशीच ती माणसाच्या हातानें आजवर चालत आली आहे.

पहिला पाऊस जमिनींत मुरला म्हणजे पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, निबर फांदी घ्यावी. खालचीं पानें काढून दोन-तीन डोळे मातीखालीं जातील अशी लावावी. जागा उंचवट्याची हवी. खाचराच्या कडेच्या चिकण मातींत आषाढाचें पाणी तुंबतें व मुळें कुजतात. उन्हाळ्यांत बुंध्याशीं पालापाचोळा पसरावा, आणि तांदूळ, भाजी धुतलेलें पाणी तिला घालावें. प्यावयाच्या घागरींतला वांटा तिला देण्याचें कारण नाहीं. शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर दिसला तर तो पिठ्या ढेकणाचा समजून शेंडा खुडून टाकावा. तेथें मुंग्यांची रांग असतेच. त्या ह्या किडीच्या गोड चिकट्यावर जगतात व तिला राखतात.

ह्या फुलाला वास नाहीं आणि आयुष्य बहुधा एका दिवसाचें. तरीही मान केवढा! महाराष्ट्रांत तें गणपतीचें, बंगालमध्यें कालीमातेचें. नवग्रहस्तोत्रांत सूर्याच्या कांतीला त्याचीच उपमा आहे. मेघदूतांत कालिदासानें सांजेच्या तेजाला ताज्या जपापुष्पाची लाली दिली आहे. सांख्यांनीं तर त्याला तत्त्वज्ञानांत ओढलें: जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो, पण तांबडा होत नाहीं, पुरुषाला चिकटलेलीं सुखदुःखेंही तशींच. रोज फूल वाहणाऱ्या हातांना हा दृष्टान्त क्वचितच ठाऊक असतो, त्यानें कांहीं बिघडत नाहीं. मलायांत १९६० सालीं तें राष्ट्रीय पुष्प ठरलें, आणि १९७० सालीं मलेशियानें जाहीर केलेल्या पांच राष्ट्रीय तत्त्वांशीं त्याच्या पांच पाकळ्यांची सांगड घातली जाते.

फूल येतें तें नव्या फुटीवर. म्हणून भाद्रपदांतल्या चतुर्थीला झाड फुलांनीं लवलेलें हवें असेल तर ज्येष्ठांत, पाऊस लागतांच, हलकी छाटणी करावी. छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर जाऊं देऊं नयेत. ओल्या गोणपाटांत गुंडाळल्या तर त्या शेजारच्या पाड्यावर पोंचेपर्यंत टवटवीत राहतात.